अजून तीच गाडी?

अमेरिकेतल्या मराठी माणसाची पत्रिका त्याच्या गाड्यांवरून मांडता येते. विद्यार्थीदशेत चार हात फिरून आलेली कोरोला. तिचं एक दार फक्त बाहेरून उघडतं. एच-वन मिळाला की कॅम्री नाहीतर अकॉर्ड. रंग राखाडी, कारण राखाडी गाडीला परत विकताना भाव येतो असं कुणीतरी सांगितलेलं असतं. पहिलं मूल झालं की सीआर-व्ही. दुसरं झालं आणि सासू-सासरे सहा-सहा महिन्यांच्या मुक्कामाला यायला लागले की सिएना. ग्रीन कार्ड हाती पडताच जर्मन गाडीची महादशा सुरू होते. ती खर्चिक, पण फार काळ राहत नाही. पन्नाशीच्या आसपास टेस्ला, आणि मग गाडीपेक्षा तिच्या ॲपविषयीच जास्त बोलणं. या पत्रिकेच्या बाराही घरांत ब्युइक नावाचा ग्रह कुठेच नाही. तो अमेरिकन आजी-आजोबांच्या पत्रिकेतला.

माझ्या पत्रिकेत तो शिरला, वक्री झाला आणि अजून हललेला नाही. २००४ सालची ब्युइक लेसाबर. रंग फिकट सोनेरी, म्हणजे धूळ बसली तरी कळत नाही तो. लांबी ५.०८ मीटर. आमच्या वडिलांनी आयुष्यात घेतलेली एकुलती एक गाडी मारुती ८००, तिची लांबी ३.३४ मीटर. म्हणजे दीड मारुती घेऊन मी रोज कामावर जातो, आणि तेही एकटा. पुढे दोन खुर्च्या नाहीत, सलग बाक आहे. गिअरची दांडी स्टेअरिंगच्या खांबाला. डिकी ५१० लिटरची. तिचं झाकण उघडलं की वाकून बोलणाऱ्याचा आवाज घुमतो.

मराठी मंडळाच्या कार्यक्रमाला हायस्कूलच्या पार्किंगमध्ये ही गाडी उभी राहिली की ‘अजून तीच?’ हा प्रश्न येतो. तो वेगवेगळ्या सुरांत येतो. टेस्लावाले काळजीने विचारतात. घरी सगळं ठीक आहे ना, हा त्यातला न बोललेला भाग. नुकतीच नवी गाडी घेतलेले कुतूहलाने विचारतात. हप्ता नसलेला माणूस जवळून दिसतो कसा, हे त्यांना बघायचं असतं. आणि बायका माझ्या बायकोला विचारतात तेव्हा त्यात गाडीची चौकशी कमी, नवऱ्याच्या पगाराची जास्त.

ही गाडी मी इथे मिशिगनमध्ये, फ्लिंटजवळच्या एका आजींकडून घेतली. फ्लिंट म्हणजे ब्युइकचं माहेर. तिथला ‘ब्युइक सिटी’ हा अवाढव्य कारखाना १९९९ मध्ये बंद झाला आणि त्यातून बाहेर पडलेली शेवटची गाडीही लेसाबरच होती. आजींचे यजमान त्याच कारखान्यात आयुष्यभर राबलेले. ते गेल्यावर गाडी गराजमध्ये झाकून ठेवलेली. बाहेर निघायची ती चर्चला, केस कापायला आणि औषधांच्या दुकानात. मागच्या काचेशी टिश्यूचा डबा, दाराच्या कप्प्यात पेपरमिंटच्या गोळ्या, आणि पुढच्या कप्प्यात एक वही. त्या वहीत आजोबांनी प्रत्येक ऑइल बदलाची तारीख, किती मैल झाले आणि त्या दिवशी हवा कशी होती, हे पेन्सिलीने टिपून ठेवलेलं. आजींनी किल्ली देताना बजावलं, “दर रविवारी बाहेर काढत जा, तिला सवय आहे.” मी रविवारी मराठी शाळेला नेतो. अजून तक्रार आलेली नाही.

नवी असताना ही गाडी सव्वीस-सत्तावीस हजार डॉलरच्या घरात होती. मी जे दिले त्यात माझ्या ऑफिसातल्या सोबत्याचं नव्या गाडीचं डाउन पेमेंटही पुरतं झालं नसतं. मधला सगळा घसारा आजोबांनी सोसला होता. या गाडीचं खरं मोल इथेच आहे: ती कुणालाच नको असते. नव्वदीच्या दशकात मोठ्या गाड्यांमध्ये अमेरिकेत वर्षानुवर्षं सर्वांत जास्त खपत होती ती लेसाबरच. पण ब्युइकचं गिऱ्हाईक सरासरीने साठी उलटलेलं. त्यामुळे विशी-तिशीतल्या अमेरिकनाला ही गाडी फुकट दिली तरी तो आधी तिच्यात आजीचा वास येतो का ते बघतो. कॅम्रीचं उलटं. कॅम्री टिकते हे साऱ्या जगाला ठाऊक, म्हणून दहा वर्षांची कॅम्रीसुद्धा लग्नाळू स्थळासारखा भाव खाते. टिकाऊपणाचे पैसे तिथे आगाऊ घेतात. लेसाबर तेवढीच टिकते, पण ते कुणाच्या लक्षात आलेलं नाही.

ब्युइक हे नाव ज्याचं, तो डेव्हिड डनबार ब्युइक जन्माने स्कॉटिश, वाढला डेट्रॉइटमध्ये, धंदा नळकामाचा. ओतीव लोखंडाच्या न्हाणीच्या टबावर पांढरं एनॅमल पक्कं बसवण्याची युक्ती त्याने काढली आणि बरा पैसा मिळवला. मग इंजिनांच्या नादी लागून तो पैसा घालवला. १९०३ मध्ये त्याच्या नावाची मोटार कंपनी निघाली. १९०८ मध्ये विल्यम ड्युरंटने तिच्याच खांद्यावर जनरल मोटर्स उभी केली. तोवर ब्युइकसाहेब आपल्याच नावाच्या कंपनीतून बाजूला पडले होते. १९२९ मध्ये ते वारले तेव्हा खिशात फारसं काही नव्हतं. लेसाबरच्या पुढच्या बाकावर एकदा बसलं की कळतं, कंपनी माणसाला विसरली पण टबाला विसरली नाही. माणूस तिच्यात बसत नाही, उतरतो. मग मान मागे टेकते, हात आपोआप काठावर जातो आणि घाई नावाची गोष्ट शिल्लक राहत नाही.

इंजिनाची कथा त्याहून रंगतदार. ३८०० या नावाने ओळखलं जाणारं हे ३.८ लिटरचं व्ही-सिक्स. त्याचा मूळपुरुष ब्युइकने १९६२ च्या मॉडेलसाठी काढला. तेव्हा अमेरिकेत पेट्रोल मातीमोल होतं आणि सहा सिलिंडर म्हणजे गरिबीचं लक्षण. १९६७ मध्ये कंपनीने इंजिनाची सगळी यंत्रसामग्री जीप बनवणाऱ्या कायझरला विकून टाकली. १९७३ च्या ऑक्टोबरात अरबांनी तेलाचा नळ बंद केला, पंपांवर रांगा लागल्या, आणि कंपनीच्या साहेबांना अचानक आठवलं की आपल्याकडे एक कमी पिणारं इंजिन होतं. बोहारणीला पातेल्याच्या बदल्यात दिलेली पैठणी घरात लग्न निघाल्यावर आठवावी, तसं झालं. बोहारीण शोधली, ती तोवर दुसऱ्या गल्लीत गेलेली, कारण जीप आता अमेरिकन मोटर्सच्या घरात नांदत होती. पैसे मोजून १९७४ मध्ये सगळं परत आणलं. ती पैठणी मग पुढची ३४ वर्षं नेसली गेली. फ्लिंटमध्ये २००८ साली शेवटचं ३८०० तयार झालं. एवढ्या वर्षांत त्यातल्या चुका एकेक करून काढून झाल्या होत्या. नव्या इंजिनातल्या चुका गिऱ्हाइकाने शोधायच्या असतात. या इंजिनातल्या माझ्या जन्माच्या आसपासच शोधायला सुरुवात झाली होती.

ब्लॉक ओतीव लोखंडाचा, म्हणजे टबाचाच चुलतभाऊ. ताकद २०५ अश्वशक्ती. या इंजिनाची एक जगजाहीर नाजूक जागा आहे: इनटेकचा वरचा भाग आणि कूलंटचे दोन छोटे एल्बो प्लास्टिकचे. उष्णतेने ते कालांतराने ठिसूळ होतात. लोखंड अमर, प्लास्टिक मर्त्य. पण एल्बो काही डॉलरना मिळतात आणि जाणता मेकॅनिक ते तुटायची वाट न बघता बदलून टाकतो. माझा मेकॅनिक डिअरबॉर्नचा लेबनीज गृहस्थ आहे. गाडी दाखवायला नेली की तो बॉनेट उघडतो, कान लावतो, बंद करतो आणि मला ‘हबीबी’ म्हणून परत पाठवतो. एकदा उसासा टाकून म्हणाला, “जर्मन गाड्यांनी माझी मोठी मुलगी डॉक्टर केली. तुझ्यासारखी गिऱ्हाइकं असती तर ती अजून शाळेत असती.”

आता ॲव्हरेज. मला माहीत आहे, तुम्ही केव्हापासून थांबलाय. भारतातून फोन आला तरी हवापाण्याआधी ‘किती ॲव्हरेज देते?’ हाच प्रश्न असतो. तर हायवेला लिटरला साधारण १२ किलोमीटर, गावात आठ-साडेआठ. ऐकणाऱ्याचा चेहरा इथेच पडतो. पण इथल्याच हिशेबाने बघू. वर्षाला १०,००० मैल. गॅलनला सव्वातीन डॉलर. लेसाबर मिळूनमिसळून गॅलनला २२ मैल जाते, चांगली हायब्रिड ४८. म्हणजे लेसाबरला ४५५ गॅलन लागतील, हायब्रिडला २०८. फरक २४७ गॅलनचा, म्हणजे वर्षाकाठी ८०० डॉलर. आता दुसरा आकडा. अमेरिकेत नव्या गाडीची सरासरी किंमत ५० हजार डॉलरच्या आसपास पोचली आहे आणि सरासरी हप्ता महिन्याला साडेसातशेच्या आसपास. वर्षभर ॲव्हरेजमध्ये जे वाचणार, ते एका महिन्याच्या हप्त्यात संपणार. उरलेले अकरा हप्ते कशासाठी भरायचे, ते टेस्लावाल्यांनी मला अनेकदा समजावून सांगितलंय. त्यात ‘एक्सपिरियन्स’ हा शब्द फार वेळा येतो.

त्यात मिशिगनचा वाहनविमा देशातल्या सर्वांत महाग विम्यांपैकी एक. नवी गाडी कर्जावर घेतली की बँक पूर्ण विमा उतरवायला लावते. माझ्या गाडीला काही झालं तर तिची भरपाई मागण्यात अर्थ नाही, म्हणून तो भाग मी घेतच नाही. आणि या राज्यात गाडीची ठरावीक मुदतीने तपासणी होत नाही. मुंबईतल्या काळ्या-पिवळ्या पद्मिनीला वीस वर्षांची मर्यादा आड आली आणि २०२३ च्या ऑक्टोबरअखेर तिला रस्ता सोडावा लागला. इथे मात्र गाडी चालते तोवर चालते. सरकार वय विचारत नाही. ते काम मंडळ करतं.

माझ्या गाडीची खरी परीक्षा मात्र बाबांनी घेतली. बाबा एस.टी.च्या कराड डेपोतल्या वर्कशॉपमधून निवृत्त झालेले. डेट्रॉइट विमानतळावर उतरल्यावर नातवाचा पापा घेऊन झाला, आणि मग पार्किंगमध्ये ते गाडीभोवती एक पूर्ण फेरी मारून आले. खाली वाकून तेल गळतंय का बघितलं. टायरला बुटाने ठोकलं. चार मोठ्या बॅगा डिकीत गेल्या, वर लोणच्याच्या बरण्यांची पिशवीही गेली, आणि झाकण दणका न देता बंद झालं. “डिकी आहे,” बाबा म्हणाले. टप असलेल्या गाडीचंच त्यांना कौतुक, त्यामुळे हा शेरा मोठा होता.

आई, बाबा, मी पुढे. बायको आणि मुलं मागे. पुढच्या बाकावर तिघं बसल्यावर बाबांनी डावीकडे बघितलं, उजवीकडे बघितलं आणि म्हणाले, “म्हणजे वडापच की रे हे!”

हे कौतुक नव्हतं. कराड-सातारा-सांगली पट्ट्यात ज्याने एस.टी.त नोकरी केली, त्याच्या तोंडी वडाप हा शब्द शिवीच्या जरा अलीकडचा. स्टँडच्या तोंडाशी उभं राहून ‘चला पाटण, पाटण’ ओरडत एस.टी.चे प्रवासी पळवणारी जीप, तिच्यात पुढे ड्रायव्हर धरून चौघं. त्या जीपवर बाबांनी आयुष्यभर दात खाल्ले, आणि आता मुलाने त्यांना अमेरिकेत वडापच्या मधल्या सीटवर बसवलं होतं. घरी पोचेपर्यंत ते गप्प होते.

जेटलॅगने पहाटे तीनला त्यांना जाग आली. मी उठून बघतो तर गराजमध्ये उजेड. बनियन, लुंगी, वर माझं बर्फातलं जाकीट, एका हातात बॅटरी. बॉनेट वर. डिपस्टिक ओढून त्यांनी रुमालाला पुसली, परत घातली, परत ओढली. तेलाचा थेंब अंगठा आणि बोटात घेऊन चोळला, नाकाशी नेला.

“कधी बदललंस?”

“मार्चमध्ये.”

“हं. वाटतंय.” मग इंजिनाकडे बॅटरी फिरवत म्हणाले, “हात जातोय सगळीकडे. हल्लीच्या गाडीत बॉनेट उघडलं की नुसती झाकणं दिसतात. कुणी जुळवलंय हे, डोकं आहे त्याला.” एवढं म्हणून त्यांनी पुढच्या कप्प्यातली आजोबांची वही मागितली आणि स्वयंपाकघरात चहा होईपर्यंत ती चष्मा लावून वाचली. इंग्रजी त्यांना बेताचं येतं, पण तारखा आणि आकडे कुठल्याही भाषेत कळतात. “माणूस व्यवस्थित होता,” असं म्हणून त्यांनी वही बंद केली. निवृत्तीनंतर त्यांनी कुणाही सहकाऱ्याबद्दल इतकं चांगलं बोललेलं मी ऐकलेलं नाही.

दुसऱ्या दिवशी बॉनेटवर हात ठेवून काढलेला फोटो कराडला गेला. सोबत निरोप: ‘पोरानं लांबडी अमेरिकन गाडी घेतली आहे.’ तासाभरात चुलत्यांचे फोन सुरू. त्या पिढीच्या डोक्यात लांबडी अमेरिकन गाडी म्हणजे इम्पाला, आणि इम्पाला म्हणजे एकतर सिनेमातला खलनायक नाहीतर संस्थानिक. सोलापूरच्या वालचंद हिराचंदांनी १९४४ मध्ये काढलेल्या प्रीमिअर ऑटोमोबाइल्समध्ये, कुर्ल्याला, डॉज आणि प्लिमथ जुळवल्या जात; तशी एखादी गावात आली तर पोरं मागे पळत. त्यामुळे कराडात माझी पत एका रात्रीत वाढली. एका काकांनी मुलासाठी अमेरिकेतल्या नोकरीबद्दल विचारलं. त्याच आठवड्यात मंडळात एकाने मला बाजूला घेऊन ‘काही मदत लागली तर सांग हं’ असं म्हटलं होतं. दोघांनी बघितलेली गाडी एकच.

आईला गाडीच्या इतिहासाशी देणंघेणं नव्हतं. तिचे गुडघे आणि तिची साडी यांची गाठ कुठल्या गाडीशी पडते, एवढाच तिचा प्रश्न. एसयूव्हीत चढायचं म्हणजे एका हाताने वरचा दांडा, दुसऱ्याने निऱ्या, आणि मागून सुनेने आधार द्यायचा; सगळं पार्किंग बघत असतं. स्पोर्ट्स गाडीत बसता येतं, निघता येत नाही. लेसाबरची सीट बरोबर खुर्चीच्या उंचीवर. पाठ करून बसायचं, पाय आत घ्यायचे, झालं. आई ज्यांच्या ज्यांच्या गाडीतून देवळात जाऊन आली, त्या सगळ्यांना तिने हे सांगितलं. त्यातल्या दोघांच्या नव्या एसयूव्ही होत्या. आमचे संबंध अजून सुधारतायत.

गणपतीही पुढच्याच बाकावर येतो. पेणहून जहाजाने आलेली मूर्ती मंडळातून घ्यायची, पुढच्या मधल्या जागेवर पाट ठेवायचा, मूर्ती बसवायची आणि तिथल्या कमरेच्या पट्ट्याने बांधायची. उजवीकडे बायको, डावीकडे मी, मध्ये गजानन. नव्या गाडीत त्या जागी कप ठेवायचे खड्डे असतात. २०१७ मध्ये बृहन्महाराष्ट्र मंडळाचं अधिवेशन मिशिगनमध्येच, ग्रँड रॅपिड्सला झालं, तेव्हा पथकाचे ढोल कुणाच्या गाडीतून गेले हे वेगळं सांगायला नको. त्या दिवसापुरतं ‘अजून तीच?’ कुणीही विचारलं नाही. ‘अजून एक मावेल का?’ असं विचारलं.

एक मित्र माझ्याही पुढे गेला. त्याने पोलिसांच्या लिलावातून फोर्डची क्राउन व्हिक्टोरिया उचलली. व्ही-एट इंजिन, ट्रकसारखी चौकट, काचेलगतच्या खांबात दिव्याचं भोक अजून तसंच. हायवेवर ही गाडी आरशात दिसली की पुढचे सगळे ब्रेक मारतात आणि उजवीकडे सरकतात. मग शेजारून जाताना त्यांना आत स्वेटर घातलेली, कपाळावर कुंकू लावलेली त्याची आजी दिसते.

सगळं गोड नाही. डेट्रॉइट शहराच्या खाली सुमारे साडेतीनशे मीटर खोल मिठाची खाण आहे. ते मीठ हिवाळ्यात बर्फ वितळवायला रस्त्यांवर ओततात. खाल्ल्या मिठाला जागावं हे आपल्याला शिकवलेलं. इथे मीठच गाडीला खातं. डेट्रॉइटने गाड्या जन्माला घातल्या आणि त्यांना खाणारा राक्षसही स्वतःच्याच पोटात सांभाळला. नोव्हेंबर ते एप्रिल मी दर आठवड्याला गाडीचं पोट धुवून घेतो. वरून धुवत नाही. वरच्या धुण्याला गाडीच्या आयुष्याच्या दृष्टीने काही अर्थ नाही, ते लोकांसाठी असतं.

खड्ड्यांचं महाराष्ट्रीय वाचकाला काय सांगावं! तरीही नोंद म्हणून: २०१८ ची इथली गव्हर्नरपदाची निवडणूक ग्रेचेन व्हिटमर यांनी ‘हे मेले रस्ते दुरुस्त करा’ या अर्थाच्या घोषणेवर लढवली आणि जिंकली. रुंद टायर आणि मऊ स्प्रिंग असलेल्या या गाडीला खड्डा लागला की ती किंचित मान डोलावते. वळणावर मात्र ती आधी विचार करते, मग वळते. पार्किंगला तिला दीड जागेची हाव. अडथळा दिसल्यावर आपोआप ब्रेक मारणं, मागचा कॅमेरा, लेन सुटली की थरथरणारं स्टेअरिंग, यातलं काहीही नाही. मुलगी सोळा वर्षांची होऊन गाडी शिकली तेव्हा तिच्यासाठी आम्ही दुसरी, ही सगळी सोय असलेली गाडी घेतली. तिथे काटकसर आडवी आणली नाही, आणू नयेच.

अशा गाड्या आता निघत नाहीत. लेसाबर २००५ मध्ये थांबली. क्राउन व्हिक्टोरियाचं उत्पादन कॅनडातल्या ओंटारिओत सप्टेंबर २०११ मध्ये संपलं. फोर्डने २०१८ मध्ये जाहीरच केलं की अमेरिकेत सेडान विकणं बंद. इम्पाला २०२० च्या फेब्रुवारीत गेली, क्रायस्लर ३०० २०२३ च्या अखेरीस, शेवरोलेची मॅलिबू २०२४ मध्ये. ब्युइक आज अमेरिकेत एकही सेडान विकत नाही. विकते ती सगळी उंच गाड्यांची चळत. लोकांना उंचावर बसायचंय, उंच गाडीत कंपनीला नफा जास्त. सेडानला डिकी म्हणून जी वेगळी, बंद, कुलूपवाली खोली होती, ती सगळ्यांना नकोशी झाली. आता सामान आणि माणसं एकाच खोलीत राहतात, आणि सुक्या बोंबलाची पिशवी कुणाच्या गाडीत आहे हे सगळ्यांना कळतं.

आणि तरीही रस्त्यावरच्या गाड्यांचं सरासरी वय अमेरिकेत साडेबारा वर्षांच्या वर गेलंय. म्हणजे जुनी गाडी ठेवणारा मी एकटा नाही. आम्ही पुष्कळ आहोत, फक्त मंडळाच्या पार्किंगमध्ये जरा लांब गाडी लावतो.

तुम्हाला अशी गाडी घ्यायचीच असेल तर बघायला जाल तेव्हा आधी खाली वाका. दारांखालचा पत्रा बोटाने दाबा. चुरा पडला तर इंजिन कितीही गोड चालत असो, नमस्कार करून निघा. जॉर्जिया, टेनेसीकडची मिळाली तर उत्तम, तिकडे रस्त्यावर एवढं मीठ ओतत नाहीत. ते प्लास्टिकचे एल्बो बदललेत का विचारा. वही असेल तर पहिल्या पानापासून वाचा. नसेल तर गराज बघा, आणि तो झाडलेला असेल तर पुढचं बोला. आजींनी कॉफी दिली तर घ्या, पण भाव त्यानंतर फार पाडू नका. आणि गाडी घेतलीत तर मंडळात कुणाला बोलू नका. हल्ली चांगल्या लेसाबर कमी उरल्यात, आणि माझी ही गेली की मला दुसरी लागणार आहे.